शेवंतीबाईंचं सातवं बटण

राजेश घाडीगावकरला खोटं बोलता येत नाही, हे भांडुपच्या रवळनाथ कृपा सोसायटीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. साकीनाक्याच्या एका कारखान्यात त्याने बत्तीस वर्षं व्हॉल्व तपासले. सुतभर फरक दिसला की माल परत. मालक हात जोडायचा, सुपरवायझर शिव्या घालायचा, पण हा गडी ढिम्म. अशा माणसाला सोसायटीने सेक्रेटरी केलं नसतं तरच नवल होतं.

आता अशा माणसाची गोष्ट सांगायची तर कौतुकाची सांगावी. पण ही कौतुकाची नाही बुवा. ही त्याच्या एका खोट्याची आहे. सबंध आयुष्यात माणूस एकदाच मोठं खोटं बोलला, तेही मतदान केंद्रात, तेही स्वतःच्या आंधळ्या आईशी.

आईचं नाव शेवंती. जन्म एकोणचाळीसचा, मालवणाच्या अलीकडच्या एका गावातला. नवरा दशरथ मुंबईत गिरणीत, ही गावी सासूपाशी. ही सासू फार मासलेवाईक बाई. देशात पहिली निवडणूक लागली तेव्हा यादी करणारा माणूस दारात आला आणि नाव विचारू लागला. परक्या पुरुषासमोर स्वतःचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. सासू दाराआडून म्हणाली, "घाडीगावकराची बायल." त्याने तीनदा विचारलं, हिने तीनदा तेच सांगितलं. झालं, नाव गळलं. त्या वेळी देशभरात अशा लाखो बायकांची नावं गळली, अमक्याची बायको आणि तमक्याची आई म्हणून. मतदानाच्या दिवशी शेजारणी नटूनथटून गेल्या आणि ही उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत राहिली. ती खंत तिने पुढे सुनेला आंदण दिली.

"आधी खोताक मत होता, आमका नाय," सासू सांगायची. "मगे सगळ्यांक एकेक दिल्यानी. खोताक एक, आमका एक. आणि मी भवानी नाव सांगूक लाजलंय."

बासष्ट साली शेवंतीबाईंचं नाव यादीत आलं. एकवीस पूर्ण लागत तेव्हा. नातीला, श्रुतिकाला, अठरालाच मिळालं, म्हणून आजी तिला "नशीबवान गो बाय तू" म्हणायची. त्या पहिल्या मतदानाला सासूने स्वतः सुनेची वेणी घातली आणि सांगितलं, घोवाचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव मग, आधी तुझं. तेव्हापासून शेवंतीबाईंनी एकही मत चुकवलं नाही. गिरणी बंद पडली त्या वर्षी नाही, दशरथ गेले त्या वर्षीही नाही. तेरावं आटोपून चौथ्या दिवशी बाई केंद्रावर हजर. लोक काय म्हणतील असं कोणी म्हणालं, तर म्हणाल्या, लोकांचं मत लोकांजवळ.

पुढे काचबिंदूने डोळे नेले. उजवा आधी, मग डावाही. दोन हजार अकरापासून सगळा अंधार. पण कायद्यात सोय आहे. ज्याला दिसत नाही त्याने सोबती न्यावा; सोबत्याने लिहून द्यावं की मी गुप्तता राखीन, आणि मतदार सांगेल ते बटण दाबावं. सोबती कोण असणार? एकुलता एक मुलगा, तोही राजेश. सुतभर फरक न चालणारा.

आणि आली दोन हजार सतराची महापालिका.

वॉर्डावर महिला आरक्षण पडलं होतं. तिथले जुने नगरसेवक चंद्रप्रकाश शेठ. त्यांनी काय करावं? बायकोला उभं केलं. मृणालिनीताई बिचाऱ्या साध्या, भाषणाला उभ्या राहिल्या की नवऱ्याकडे बघायच्या. श्रुतिका आजीला पोस्टर वाचून दाखवायची आणि आजी उखडायची.

"बाईचा नाव बारीक, आणि घोवाचो फोटो केवढो!" ती म्हणायची. "माझी सासू काय वेगळा बोलली होती? घाडीगावकराची बायल. पासष्ट वर्सां झाली, तरी आमी थयच."

तिचं मत ठरलेलं होतं. टेकडीवरची मनाली अपक्ष उभी होती. पोळीभाजीचे डबे करायची, आणि वस्तीतल्या बायकांच्या संडासाला दार बसावं म्हणून दोन वर्षं वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवून तिने ते बसवून घेतलं होतं. दर्शना, म्हणजे राजेशची बायको, नोकरीला जायची, तेव्हा दुपारचा डबा मनालीच आणून द्यायची आणि शेवंतीबाईंशी घटकाभर गप्पा मारायची. तिची निशाणी कपबशी. बाईंनी तिला शब्द दिला होता, माझं मत तुझं.

शब्द राजेशनेही दिला होता. मात्र दुसऱ्याला. सोसायटीच्या आवारात पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा. चंद्रप्रकाश शेठ पेव्हर ब्लॉक बसवून देणार होते, निम्मे बसवलेही होते. बैठकीत चहा पिताना राजेशच्या तोंडून निघून गेलं, "शेठ, आमच्या सोसायटीतलं एक मत इकडेतिकडे जाणार नाही." शेठ हसून म्हणाले, "बूथवाइज आकडे येतातच हो माझ्याकडे. कळेलच." बस्स. तेवढं वाक्य ह्या माणसाच्या डोक्यात कुसळासारखं घुसलं. बूथच्या आकड्यात मनालीपुढे एक आलं, तर तो एक कोणाच्या घरचा ते सगळ्यांना कळणार. तिचा डबा त्यांच्याच घरी यायचा ना! अरे, एका मताकडे कोण बघतंय? शेठना काय तेवढंच काम? पण भिणाऱ्याला कोण समजावणार.

पालिकेच्या शाळेत, खोली नंबर चार. राजेशने आधी आपलं मत दिलं, मग आईचा सोबती म्हणून कागदावर सही केली. आईचा हात त्याच्या मनगटावर. आडोशाशी गेल्यावर ती त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "वरसून सातवा. कपबशी. बघ हां नीट."

त्याने नीट बघितलं. सातवं बटण बघितलं, कपबशीही बघितली. आणि मघाशी स्वतःसाठी दाबलेलं मृणालिनीताईंचंच बटण पुन्हा दाबलं.

मशीन ओरडलं. आईने विचारलं, "पडला?"

"पडलं," राजेश म्हणाला.

आईने त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला हात लावून नमस्कार केला, देवळातून निघताना करतात तसा. तिथे मात्र राजेशचे कान तापले. घरी येईपर्यंत त्याला घाम फुटत होता. फेब्रुवारीत. जिन्यात आई खुशीत होती. म्हणाली, "निवडून येवची नाय ती, माका ठावक आसा. पण पडान दी एक." त्या दुपारी तो न जेवता साकीनाक्याला निघून गेला आणि सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद कारखान्यासमोर टपरीवर चहा पीत बसला. लाज वाटत होती. साधीसुधी नाही, अंगावरचे कपडे कोणी काढून घेतल्यावर वाटेल तशी.

मृणालिनीताई निवडून आल्या. मनालीला चारशे बारा मतं पडली, डिपॉझिट गेलं. उरलेले पेव्हर ब्लॉक बसले. मार्चमध्ये राजेश शिमग्याला गावी जाऊन पालखी नाचवून आला, देवासमोर गाऱ्हाणं घातलं तेव्हा हे तेवढं सोडून सगळं सांगितलं.

परत आल्यावर दोन गोष्टी बदललेल्या. मनालीचा डबा बंद झाला होता. दर्शना म्हणाली, तिला आता टेकडी उतरणं जमत नाही म्हणे. आणि आई रोज संध्याकाळी त्याचा हात धरून आवारात फिरायची, काठीने ब्लॉक ठोकायची आणि म्हणायची, "लाद्यो बऱ्यो बसवल्यानी हां." एवढंच. बाकी काही नाही.

एकोणीस साली लोकसभा लागली. राजेशने मनाशी पक्कं केलं होतं, ह्या वेळी आई सांगेल तेच, गाढवाला द्यायला सांगितलं तर गाढवाला. सकाळी रिक्षा सांगून आला. आई खाटेवरून उठलीच नाही. "पाय ऐकनत नाय," म्हणाली. बासष्टपासून न चुकलेली बाई! राजेशने आग्रह केला, पण किती? तोंडदेखला. खरं सांगायचं तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरला ह्याचीच मग त्याला रात्रंदिवस लाज वाटत राहिली. विधानसभेलाही तेच, पाय. चोवीसच्या मे महिन्यातही पाय. हेच पाय रवळनाथाच्या जत्रेला बसमधून दहा तास जात होते, पण तो हिशोब मांडायची राजेशची छाती नव्हती. तो लोकांना सांगायचा, आई थकली आता.

मग चोवीसच्या दिवाळीच्या आधी पुन्हा विधानसभा लागली आणि श्रुतिकाने जेवताना सांगितलं, "बाबा, आजीचा फॉर्म भरला मी. पंच्याऐंशीच्या वर घरी येऊन मत घेतात. आजीनेच रेडिओवर ऐकलं."

राजेशचा घास तोंडातच फिरत राहिला. त्याने आईकडे बघितलं. ती शांतपणे सोलकढी पीत होती.

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि सकाळी अकराला पथक आलं. निधी मॅडम नावाची एक तरुण शिक्षिका अधिकारी म्हणून, तिच्याबरोबर कागदपत्रं सांभाळणारा अनिरुद्ध, एक कॅमेरावाला आणि एक पोलीस. दर्शनाने चहा विचारला, निधी मॅडम नको म्हणाल्या. टीपॉयवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला, मतपत्रिका आली, दोन पाकिटं आली. आई न्हाऊन, नारळी काठाचं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसली होती. श्रुतिकाने वेणी घातली होती.

राजेशने रात्रभर विचार करून ठेवला होता. आज आई सांगेल तिथेच खूण करायची. मागचं मागे पडेल, कोणाला कळायचं कारण नाही. फिट्टंफाट.

"आजींना दिसत नाही, तर सोबती कोण?" निधी मॅडमनी विचारलं.

"मी आहे ना," राजेश पुढे झाला. "मुलगा. आधीही मीच होतो." आणि पेन हातात घेतलं.

निधी मॅडम नवीन होत्या, कामाला चोख. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुम्ही सांगाल तिथेच हे खूण करतील, असा तुमचा विश्वास आहे ना?"

आईने मान जरा राजेशच्या दिशेला वळवली आणि म्हणाली, "तेकाच इचारा."

दर्शना हसली, तिला वाटलं सासूबाई थट्टा करतायत. अनिरुद्धही हसला. राजेश हसला नाही. त्याला कळलं. सात वर्षं ज्या गोष्टीकडे पाठ फिरवून बसला होता, ती दोन शब्दांत समोर येऊन उभी राहिली. लाद्या, पाय, बंद झालेला डबा. सगळं.

सही करून मोकळं व्हायला दोन सेकंद पुरले असते. त्याने पेन टीपॉयवर ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नको, मॅडम. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"म्हणजे?"

"सतरा साली हिने सांगितलेलं बटण मी दाबलं नाही. दुसरं दाबलं. आणि पडलं म्हणून सांगितलं." समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. साठीचा माणूस, सेक्रेटरी, पोरीसमोर, बायकोसमोर, पोलिसासमोर. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं त्याला झालं. पण दुसऱ्या मजल्यावर जमीन कुठली? खाली जोशींचं घर.

निधी मॅडम गोंधळल्या. "काका, ते... आत्ता ह्या मतदानापुरतं बोला." मग आईकडे वळल्या. "आजी, दुसरं कोणी चालेल? अठराच्या वरचं."

"श्रुतिका," आई म्हणाली. आणि राजेशला, "बरां झाला बोललंस. आता आत जा. गुप्त असता ता."

तो स्वयंपाकघरात गेला. दर्शनाही मागोमाग आली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "सात वर्षं, अहो?" एवढंच म्हणाली. त्याला वाटलं ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाहेर आईची कुजबुज ऐकू येत होती, शब्द नव्हे. कागद घडी केल्याचा आवाज आला, पाकीट चिकटवल्याचा. आपल्या आईचं मत कोणाला गेलं हे त्याला कळलं नाही, आणि कधी कळणारही नाही. घरून घेतलेली मतं टपालाच्या मतांत एकत्र मोजतात, बूथचा आकडाबिकडा नसतो त्यात.

पथक गेल्यावर तो आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

"तुला कसं कळलं?"

"शिमग्याक तू गावाक गेल्लंस, तेव्हा मनाली इल्ली. कागद घेवन. सगळ्या बूथांचे आकडे वाचून दाखवल्यान तिना. आमच्या बूथाक शून्य."

शून्य. एक दिसू नये म्हणून जे केलं, ते शून्य दिसलं. राजेशने कपाळाला हात लावला.

"तिका मी म्हटलंय, मशीन बिघडलेला असतला," आई म्हणाली. "जन्मात खोटा बोलूक नव्हतंय रे मी. तुझ्यासाठी बोललंय."

"मग मला का नाही विचारलंस? सात वर्षं?"

"इचारला असता तर तू परत खोटा बोललो असतस. तू आपणहून सांगतलंस म्हणान वाट बघी होतंय." मग म्हणाली, "आणि आंधळ्या माणसाक दुसरो हात खय असता? रोज तुझोच हात धरूचो होतो."

राजेश रडला. श्रुतिका दारात उभी होती, ती वळून आत गेली. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात मांडीवर होते ते मांडीवरच राहिले. मग म्हणाली, "तोंड धू. आणि मनालीक जावन सांग. मशीन बिघडूक नव्हता."

टेकडी चढताना त्याला दोनदा बसावं लागलं. मनाली पोळ्या लाटत होती, अंगाने भरली होती, केस पिकले होते. त्याने दारातच, चपला न काढता, सगळं सांगितलं. तिचं लाटणं थांबलं नाही.

"एका मताने मी काय निवडून येणार होते, काका?" ती म्हणाली. "पण मला वाटलं, आजी खोटं बोलल्या. तोंडावर गोड बोलून दुसरीकडे दिलं. सगळी दुनिया तशीच असते, त्यातल्या त्याही. म्हणून मी यायची बंद झाले." तिने पोळी तव्यावर टाकली. "सात वर्षं त्या म्हातारीशी बोलले नाही मी. ह्याचं काय करायचं?"

राजेश दारातच उभा राहिला. तिने बस म्हटलं नाही. तो निघाला तेव्हा मागून म्हणाली, "आजींना सांगा, शुक्रवारी येते. डबा घेऊन. तुमच्यासाठी नाही हां."

वीस नोव्हेंबरला मतदान होतं. राजेश सकाळी लवकर आंघोळ करून, ओळखपत्र खिशात घालून निघाला. शाळा तीच, खोलीही बहुधा तीच असणार. आईच्या खुर्चीपाशी आला आणि वाकून पायाला हात लावला. पूर्वी दोघं मिळून जायची, तेव्हा ती त्याच्या मनगटावर हात ठेवायची. आज ठेवला नाही. आवाजाच्या रोखाने तोंड वर केलं आणि म्हणाली, "जातंस?"

"हो."

"जा," आई म्हणाली. "पण एकदाच दाब हां."